दुसरी खुडणी

आमच्या घरात तुरीच्या डाळीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नाहीत. वडील अजून महिन्यातून एकदा हैदराबादेत नल्लकुंट्याहून बस पकडून अफझलगंजला जातात, तीस वर्षांच्या ओळखीच्या दुकानातून डाळ आणतात आणि दुकानदाराने आफ्रिकेची डाळ गळ्यात मारली म्हणून पुढे आठवडाभर कुरकुरतात. "तीन शिट्ट्या जास्त घेती ही," असं त्यांचं म्हणणं. दुकानदार म्हणे त्यांना सांगतो, "साब, यहाँ की कम आरी. खाना है तो येइच खाओ." आई तीन शिट्ट्या जास्त काढते. मी मात्र गेल्या ऑगस्टपासून ती डाळ निवडायला बसत नाही. ज्या मातीत ती तूर होते ती माती मी पाहिली आहे, आणि तिथल्या एका बाईला तुरीचे शेंडे खुडायला मीच शिकवलं आहे.

मी शेतकी शिकले, शेती केली नाही. आमची जमीन मराठवाड्यात. आजोबांच्या काळात तो जिल्हा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे वडील पुढे नोकरीसाठी इथे आले तेव्हा ते परमुलखात निघालेत असं घरात कुणाला वाटलं नाही. ते इथेच राहिले, सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. मी इथल्याच कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि एका कंपनीत लागले. काम काय, तर थंडगार खोलीत बसून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सल्ले पाठवायचे. आज फवारा, उद्या थांबा, परवा पाणी तोडा. वडील याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणत. मला भयंकर राग यायचा, कारण ते खरं होतं. शेवटी अडतिसाव्या वर्षी मी कंपनीतून बिनपगारी रजा काढली आणि एका स्वयंसेवी संस्थेचा अर्ज भरला. मलावी देशातलं एक खेडं, तिथे एका हंगामापुरती शेतीची शिक्षिका. राहायला खोली, जेवणापुरता भत्ता.

"गावाकडलं रान दुसऱ्याला वाट्यानं दिलंय, आन् तू तिकडं जाऊन शिकवणार?" वडील म्हणाले.

"तिकडे निदान कुणी बोलावलंय तरी," मी म्हणाले.

"बोलावलंय तर जा की. पण गेल्यावर आधी नुसतं बघत बस. सहा महिने तोंड उघडू नको."

सहा महिने! माझ्याकडे एकूण नऊ होते, ऑक्टोबर ते जून. मला वाटलं, म्हाताऱ्यांचं हे असंच असतं.

गावात पोचले त्या दिवशी पहिल्यांदा काय दिसलं असेल तर तुराट्या. घराघराच्या भिंतीला चुलीसाठी तुराट्यांच्या मोळ्या टेकवून ठेवलेल्या. मला एकदम हायसं वाटलं. कसावा मी पुस्तकात पाहिलेला, तिथली भाषा येत नव्हती, जेवण घशाखाली उतरत नव्हतं, पण तूर? तूर आमची. लेक परक्या गावात दिलेली असावी आणि तिथल्या बाजारात ती अचानक समोर यावी, तसा मला आनंद झाला. आणि लेकीच्या सासरी जाऊन आई जशी पहिल्या दिवसापासून शहाणपणा शिकवायला लागते, तशी मीही लागले.

दर गुरुवारी आंब्याच्या झाडाखाली वर्ग भरायचा. बायका जास्त, चार-सहा पुरुष. गावच्या शाळेतले गुरुजी माझ्या इंग्रजीचं त्यांच्या भाषेत करायचे आणि त्यांचं मला इंग्रजीत सांगायचे. तिथे आभार मानायची एक रीत आहे. दोन्ही तळवे पोकळ करून हळूहळू एकमेकांवर वाजवायचे, आपल्यासारख्या कडाकड टाळ्या नाहीत. मी काहीही सांगितलं, की संपल्यावर सगळे तसे तळवे वाजवत. मी बियाण्याबद्दल सांगितलं, वाजवले. शेणखताबद्दल सांगितलं, वाजवले. मी त्याला होकार समजत गेले. पाहुण्या बाईने इतक्या लांबून येऊन काहीतरी सांगितलं याचे ते आभार होते, एवढंच. ते पटलं की नाही, हा वेगळा प्रश्न होता आणि तो कुणी उघड बोलत नसे.

पहिल्या ओळीत एक बाई बसायची. तिला सगळे अमाई म्हणत. तिकडे वडीलधाऱ्या बाईला अमाईच म्हणतात, म्हणजे आई, म्हणून इथेही मी तेवढंच म्हणते. वय पन्नाशीचं, नवरा गेलेला, शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझा वर्ग हा तिचा आयुष्यातला पहिला वर्ग, असं गुरुजींनी मला सांगितलं होतं. लिहिता येत नसताना ती वही आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन यायची आणि मी सांगेन त्याचं चित्र काढायची. पाठ अगदी सरळ. माझ्या कंपनीतल्या बैठकांत इतकं कुणी कधी मन लावून ऐकलं नाही.

तिचं एक ठरलेलं होतं. शेतातला मका सगळ्या घराचा, दिराच्या चार पोरांसकट. मक्याच्या मधल्या ओळींतली तूर मात्र तिची एकटीची. घराला गवताचं छप्पर होतं आणि ते बरोबर तिच्या अंथरुणावर गळायचं. तुरीच्या पैशांवर तिला छपराला पत्रे घालायचे होते. शाळेच्या पत्र्यांकडे बोट दाखवून तिने हे मला दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं, त्यासाठी गुरुजींची गरजही पडली नव्हती.

पेरण्या नोव्हेंबरच्या शेवटी झाल्या. जानेवारीत मी खुडणीचा धडा घेतला. तूर पंचेचाळीस दिवसांची झाली की शेंडे खुडायचे, पासष्ट दिवसांची झाली की पुन्हा खुडायचे. झाड उंच न जाता पसरतं, फांद्या जास्त, म्हणून शेंगा जास्त. आपल्याकडे यात काही नवल नाही, कुठलाही कृषी सहायक हे सांगेल. तिथे मात्र आधी हशा पिकला. मग मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, उशीर नाही का होणार?" गुरुजी म्हणाले.

"थोडा होईल," मी म्हणाले. "पण शेंगा किती धरतील बघा."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि तळवे वाजवले. सगळ्यांनी वाजवले. उशीर झाला तर काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. पहिल्या ओळीत अमाईने वहीत एक झाड काढलं, त्याच्या शेंड्यावर फुली मारली आणि शेजारी दोन रेघा ओढल्या. दोन खुडण्या.

पुढच्या आठवड्यात मी गावातून फिरले तर काय, वाटेच्या कडेला प्रत्येक शेतात शेंडे खुडलेले! मी नुसती फुलून गेले. त्या दिवशी संस्थेला जो अहवाल लिहिला तो आठवला की आता कानशिलं तापतात. अमाईकडे मी स्वतः दोन दिवस काम केलं. ती नखाने शेंडा तोडायची, बरोबर कोवळ्या जागी, आणि तोडलेला शेंडा ओच्यात टाकायची, शेळ्यांसाठी. हो, शेळ्यांसाठी. दाव्याला बांधलेल्या शेळ्या दारात होत्याच. मी त्यांना माझ्या हाताने शेंडे घातले. फेब्रुवारीत तिने दुसरी खुडणीही केली, मला न विचारता, अगदी दिवस मोजून.

जूनमध्ये माझी मुदत संपली. निघायच्या आदल्या दिवशी अमाईच्या शेतात गेले. शेजाऱ्यांच्या तुरी उंच, किडकिडीत आणि शेंगांवर आलेल्या. त्यांनी दुसरी खुडणी टाळली असेल, असं मला वाटलं. तिची कमरेला लागेल इतकी, पण गच्च पसरलेली आणि नुकती पिवळ्या फुलांनी भरलेली. मी फोटो काढला. शेंगा धरायच्या आधीच आम्ही दोघींनी हातवारे करून छपराला किती पत्रे लागतील ते ठरवलं. बाजारात तुरी, त्यातली गत. माझा तो फोटो पुढे संस्थेच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर आला.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ. मी नुकती ऑफिसातून आले होते, वडील जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले होते. गुरुजींचा आवाजी निरोप आला. अमाईकडे फोन नाही, तिचं जे काही यायचं ते गुरुजींकडूनच. मी कौतुकाने मोठ्याने लावला. मला वाटलं, पत्र्यांची बातमी असेल.

निरोप असा होता. पेरणीपासून कापणीपर्यंत गावातल्या शेळ्या बांधलेल्या असतात. सगळ्यांचा मका आणि तूर घरात आली की गावप्रमुख एक दिवस ठरवतात आणि त्या दिवशी शेळ्या सोडतात. तिथपासून पुढच्या पावसापर्यंत त्या मोकळ्या. यंदा सगळ्यांची तूर आली होती, अमाईच्या शेंगा हिरव्या होत्या. तिने प्रमुखांकडे दोन आठवडे मागितले. प्रमुख वाईट माणूस नाही, त्यांनी चार दिवस दिले. मग शेळ्या सुटल्या. अमाईने एका बाजूला काटेरी फांद्या लावल्या आणि स्वतः काठी घेऊन शेतात बसली. शेळ्या उरलेल्या तीन बाजूंनी आल्या. तीन दिवसांत शेत संपलं. उकडून खायला एक टोपलीभर हिरव्या शेंगा तेवढ्या तिने काढून घेतल्या होत्या.

मला आधी काय झालं असेल, तर संताप. त्या गावाचा, त्या प्रमुखाचा, सगळ्या शेळ्यांचा. "दोन आठवडे बांधून ठेवायला काय होतं यांना!" मी ओरडले.

वडिलांनी चष्मा काढला. "शेळ्या सोडायचा दिवस कधीचा असतोय, ते इचारलीस का तू तिथं?"

मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आपल्याकडं बी होतं की हे. रान मोकळं झालं की ढोरं सोडायची. त्याच्या मागं उभं राहील असं पीक कुणी एकटा घेतच नव्हता. घेतलं तर राखायचं कसं?" मग अगदी साधेपणाने म्हणाले, "हे पहिलं इचारायचं असतंय, माय."

तुरीत मी पदवी घेतली होती. दाण्याचं वजन, मुळावरच्या गाठी, मर रोग, सगळं पाठ. घरात बसलेला हा माणूस चाळीस वर्षं फायली हलवत होता आणि त्याला विचारायचा प्रश्न ठाऊक होता. आंब्याखालच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक होता. त्याने तर मला तो विचारला होता.

मी गुरुजींना फोन लावला. बाकीच्यांनीही खुडणी केली होती, मग त्यांची तूर वेळेत कशी आली, असं विचारलं. गुरुजी बराच वेळ अं अं करत राहिले. "मॅडम, त्यांनी वाटेकडची एक ओळ खुडली होती. तुम्ही तिथून जाता, तुम्हाला दिसावी म्हणून." गावात पाहुण्यांचा मान असा राखतात. शब्द खाली पडू द्यायचा नाही आणि शेतही पडू द्यायचं नाही. सगळ्या गावात एकटी अमाई अशी होती की जिला वर्ग म्हणजे काय हे माहीत नव्हतं, म्हणून शिकवलेलं सगळं तिने केलं.

"त्या माझ्यावर रागावल्यात का?" मी विचारलं.

"नाही, नाही! त्या म्हणतात, मॅडमची तूर फार सुंदर होती, म्हणूनच शेळ्या आधी तिथे आल्या."

यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी खरं सांगायला हवं होतं. अमाई, चूक शेळ्यांची नाही, माझी आहे. दोन वाक्यं. ती मी लिहायचे आणि पुसायचे. ऑफिसला जाताना बसमध्ये लिहायचे, उतरताना पुसायचे. वाटायचं, सांगून तिला काय मिळणार, माझंच ओझं उतरणार. मग वाटायचं, पत्रे आपण घेऊन द्यावेत, पण गावकऱ्यांना परस्पर काही द्यायचं नाही असा संस्थेचा नियम होता, आणि खरं सांगायचं तर त्या नियमामागे लपायला मला बरं वाटलं. दसरा गेला, दिवाळी गेली. ऑफिसात पुण्याहून आलेली एक नवी मुलगी माझा वार्तापत्रातला फोटो बघून म्हणाली, "वॉव, किती सॅटिस्फाइंग असेल ना हे!" मी तिला हो म्हणाले.

या जानेवारीत गुरुजींचा निरोप आला. अमाईने शेजारणीकडून बी मागून घेऊन पुन्हा तूर पेरली आहे. पहिली खुडणी झाली. वहीतला तो कागद पावसात भिजला, म्हणून त्या विचारतात, दुसरी नक्की किती दिवसांनी?

मी लगेच फोन केला. सगळं सांगितलं, अगदी बारीकसारीक. खुडल्याने फूल उशिरा येतं, दुसऱ्या खुडणीने आणखी उशिरा, त्या उशिरानेच शेळ्यांचा दिवस गाठला. माझी चूक होती. दुसरी खुडणी करू नका. गुरुजी हो मॅडम, हो मॅडम म्हणत राहिले. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, "मी अमाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मॅडमचं मन किती मोठं. दुसऱ्याच्या शेळ्यांचा दोष स्वतःवर घेतात."

मी पुन्हा फोन केला. या वेळी जरा चिडूनच. गुरुजी दुखावले. "मॅडम, चांगला शिक्षक असंच बोलतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मीही मुलांना सांगतो की तुम्ही नापास झालात तर चूक माझी. मुलं त्यावर विश्वास ठेवत नाहीत."

"स्वतःच्या आवाजात सांग की," वडील म्हणाले. तिथल्या भाषेतले जे शंभरेक शब्द माझ्याकडे उरले होते ते जुळवून मी निरोप भरला. अमाई, खुडू नका. माझं चुकलं. खुडू नका. माझ्या उच्चारांवर तिथे नेहमीच हसायचे, पण एवढं नक्की कळलं असतं. गुरुजींनी तिच्या दारात जाऊन तो लावला. त्यांचं उत्तर आलं, "मॅडमला आपली भाषा अजून आठवते म्हणून अमाईंना फार आनंद झाला. त्यांनी तुमचा निरोप चार वेळा ऐकला. त्या म्हणतात, काळजी करू नका, चूक कुंपणाची होती. यंदा त्यांनी आत्तापासूनच काटे जमवायला घेतलेत, चारही बाजूंसाठी."

चार बाजू! ते शेत मला पायाखालचं माहीत आहे. एकटी बाई ऑगस्टपर्यंत काटे ओढत राहिली तरी दोन बाजूही पुऱ्या होणार नाहीत. मी संस्थेला पत्र लिहिलं. माझ्या जागी त्या गावात यंदा कुणी नाही, असं छान भाषेतलं उत्तर आलं. प्रमुखांना दिवस पुढे ढकलायला सांगा, असं मी गुरुजींना म्हणाले, तर ते हसले. "मॅडम, आठ महिने दोरीला बांधलेल्या शेळ्यांना कोण सांगणार?" जायला मला रजा नव्हती, व्हिसा नव्हता. आणि गेले असते तरी काय? तिने पुन्हा पहिल्या ओळीत पाठ सरळ करून ऐकलं असतं आणि शेवटी तळवे वाजवले असते. माझ्या शहाणपणावर तिचा विश्वास होता, माझ्या चुकीवर तो कसा बसवायचा ते मला कुठल्याच विद्यापीठात शिकवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात फोटो आला. तूर गुडघ्याच्या वर आलेली, एकेका झाडाचा प्रत्येक शेंडा नीट, कोवळ्या जागी तोडलेला. पासष्टावा दिवस कागदाशिवायही तिने बरोबर धरला होता. मध्ये अमाई उभी, ओच्यात शेंडे, पाठ वर्गात बसायची तशी सरळ. तिच्या मागे डाव्या हाताला काटेरी फांद्यांचा कंबरभर उंच ढीग, आणि त्याच्याही मागे घर. घरावर गवताचं छप्पर. खाली गुरुजींनी लिहिलं होतं, "अमाई विचारतात, बरोबर झालं का?"

मी फोटो मोठा करून झाड न् झाड बघितलं. एकही शेंडा राहिला नव्हता. आता खरं सांगून काय उपयोग होता? तोडलेला शेंडा काही परत चिकटत नाही. शेळ्या सुटायला सहा महिने होते. तेवढे तरी तिला सुखाने जाऊ द्यावेत, असं मी मनाशी म्हणाले. भित्र्या माणसाला कारणं फार लवकर सुचतात.

मी लिहिलं, "फार छान खुडलंय."

थोड्या वेळाने एक आवाजी निरोप आला, दहा-बारा सेकंदांचा. मी लावला. त्यात बोलणं नव्हतं. दोन पोकळ तळवे हळूहळू, एका लयीत वाजत होते.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वडिलांनी आतूनच विचारलं, "कोण टाळ्या वाजवायलंय गं?"

"अमाई," मी म्हणाले. "आभार मानायलीय माझे."